झग्याचा काठ

ते पेन माझं नव्हतं. रात्री झोपण्याआधी पर्समध्ये चष्म्याची डबी चाचपडताना ते हाताला लागलं. जड, गार, टोपणावर बारीक सोनेरी कड असलेलं. दुपारच्या मीटिंगमध्ये हजेरीच्या कागदावर सही करायला शेजारी बसलेल्या वरिष्ठ सहकाऱ्यांनी ते माझ्याकडे सरकवलं होतं आणि बोलण्याच्या नादात मी ते आपलंच समजून आत टाकलं होतं. ते त्यांना त्यांच्या वडिलांनी दिलेलं पेन आहे, असं त्यांनी कधीतरी सांगितल्याचं आठवलं आणि माझी झोपच उडाली. आता ते घरी शोधत असतील, खिसे उलटे करून बघत असतील, कुणावर तरी संशय घेत असतील. रात्री अकराला मी त्यांना मेसेज केला. उत्तर आलं नाही. पेन टेबलावर ठेवलं, मग घरंगळून पडेल म्हणून पुस्तकाला टेकवून ठेवलं, मग सकाळी विसरेन म्हणून पुन्हा पर्समध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आधी पोहोचून त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले. "अहो, एवढं काय त्यात," ते हसून म्हणाले. पेन नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मला मात्र इतकं हलकं वाटलं की दिवसभर मी सगळ्यांशी जरा जास्तच प्रेमानं वागले.

त्याच मीटिंगमध्ये आणखी एक गोष्ट घडली होती. पडद्यावर आकड्यांचा एक तक्ता आला आणि त्यातला एक रकाना चुकलेला निघाला. मागच्या वर्षीचे आकडे या वर्षीच्या मथळ्याखाली बसले होते. तो तक्ता मी भरून दिला होता. माझ्या हाताखाली नव्यानं आलेल्या मुलीनं तो फक्त स्लाइडवर चढवला होता. पण पडद्याशेजारी उभी होती ती. "पाठवण्याआधी तपासायची पद्धत आहे की नाही?" हा प्रश्न आला तो तिच्या दिशेनं. तिचे कान लाल झालेले मला दिसले. मी मान खाली घालून वहीत पाहिलं, आणि मग म्हणाले, "आपल्याकडून काहीतरी राहिलंय. दुरुस्त करून पाठवतो आपण." वाक्य चांगलं होतं. शब्दाशब्दाला बघायला गेलं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. मीटिंग पुढे सरकली, सह्या झाल्या, पेन पर्समध्ये गेलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, ती पेनामुळे.

सहा दिवसांनी ती मुलगी माझ्या टेबलापाशी आली. हातात वही होती. "मॅडम, त्या दिवशीचं... मी फाइल कितीदा तरी बघितली. तो रकाना माझ्याकडून कधी बदलला गेला, मला आठवतच नाही. पण माझ्याकडूनच झालं असणार. यापुढे दोनदा तपासून मगच देईन." वहीच्या पानावर तिनं स्वतःसाठी एक यादी केली होती, प्रत्येक ओळीपुढे पट्टीनं आखलेला चौकोन. मथळे तपासणे, वर्ष तपासणे, बेरीज तपासणे. एकेका ओळीवर बोट ठेवत तिनं मला ती दाखवली. नखं खाल्लेली होती. मी यादी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "छान केलीयस." ती गेली. आणि माझ्या पोटात काहीतरी खूप खोल जाऊन बसलं.

बायबलमधली दाविदाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण तिचे दोन तुकडे कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. पहिला तुकडा एन-गेदीच्या रानातला. शौल राजा 3000 निवडक माणसं घेऊन दाविदाच्या जिवावर उठलेला, आणि नेमका त्याच गुहेत एकटा शिरतो जिच्या आतल्या अंधारात दावीद लपलेला आहे. सोबतचे लोक कुजबुजतात, हाच तो दिवस. दावीद पुढे सरकतो, आणि राजाला हात न लावता त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापून घेतो. पुढच्याच ओळीत शमुवेलाचं पहिलं पुस्तक सांगतं की झग्याचा काठ कापल्याबद्दल दाविदाचं मन त्याला टोचू लागलं. ज्यानं जीव घ्यायला सैन्य आणलं, त्याच्या कपड्याचा एक तुकडा कापला म्हणून टोचणी! हे मन किती कोवळं आहे, असं मला लहानपणी वाटायचं, आणि आपलंही तसंच असावं असं वाटायचं.

दुसरा तुकडा राजवाड्यातला. तोच दावीद आता राजा आहे. बथशेबेला बोलावून घेतो. ती गरोदर राहते तेव्हा तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत जिथं मारामारी जोराची आहे तिथं पुढे उभं करून मागे हटा, असं पत्र सेनापती यवाबाला लिहितो, आणि ते पत्र उरीयाच्याच हाती देऊन पाठवतो. उरीया ते न उघडता घेऊन जातो. मला ही जागा वाचताना दर वेळी थांबावंसं वाटतं. तो माणूस आपलं मरण नीट घडी करून, सांभाळून घेऊन चाललेला. तो मरतो, शोकाचे दिवस सरतात, बथशेबा राजवाड्यात येते, मूल जन्मतं. नऊ महिने तरी गेले असतील. आणि या सगळ्या वर्णनात ‘त्याचं मन त्याला टोचू लागलं’ हे वाक्य कुठेही येत नाही. मी शोधलं. पान मागे-पुढे करून शोधलं. टोचायला नाथान संदेष्ट्याला यावं लागतं, तेही सरळ बोलून चालत नाही. गरिबाच्या एकुलत्या एका मेंढरीची गोष्ट सांगावी लागते. ती ऐकून दाविदाचा न्यायी संताप उसळतो, चौपट भरपाईची भाषा तो करू लागतो, आणि मग ते चार शब्द: तो मनुष्य तूच आहेस.

माझा नाथान पट्टीनं आखलेल्या चौकोनांची यादी घेऊन आला होता, आणि आपण नाथान आहोत हे त्या मुलीला माहीतही नव्हतं.

मी शंकेखोर मूल होते. पहिल्या पापनिवेदनाच्या, म्हणजे धर्मगुरूंपुढे आपली पापं कबूल करण्याच्या, तयारीला आम्हाला एक छोटी पुस्तिका मिळाली होती. तिच्यात दहा आज्ञांखाली प्रश्न होते. मी खोटं बोललो का, मी उलट उत्तर दिलं का, मी प्रार्थना चुकवली का. इतर मुलं ती चाळून खिशात कोंबायची. मी पेन्सिलनं खुणा करत बसायचे. कन्फेशनच्या त्या लाकडी खोपटात गुडघे टेकले की जुन्या पॉलिशचा आणि मेणाचा वास यायचा, जाळीपलीकडे फादरांचा कान तेवढा दिसायचा, आणि मी यादी वाचल्यासारखी सगळं सांगून टाकायचे. बाहेर येऊन बाकावर बसले की दोनच मिनिटं बरं वाटायचं. मग सुरू: किती वेळा खोटं बोलले ते बरोबर सांगितलं का? पाच सांगितलं, सहा असतील तर? सहावं लपवलं असं तर नाही झालं? एकदा मी त्याच संध्याकाळी दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिले. फादरांनी आवाजावरून ओळखलं. ते म्हणाले, "बाळा, मघाचं सगळं पुसलं गेलं. आता मी सांगतो म्हणून तू घरी जायचं आणि पुन्हा मोजायचं नाही." कळलं काहीच नाही, पण ‘मी सांगतो म्हणून’ या शब्दांनी पायातलं बळ परत आलं.

त्यांनी दिलेलं औषध किती जुनं आहे, हे मला फार पुढे कळलं. मी धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायला लागले तेव्हा एका धर्मगुरूंनी आम्हा शिक्षकांसाठी नीतिशास्त्राचे काही तास घेतले होते. फळ्यावर त्यांनी सदसद्विवेकबुद्धीचे प्रकार मांडले. कृती करण्याआधी बोलणारी आणि कृती झाल्यावर बोलणारी. योग्य आणि चुकलेली. ठाम आणि संशयात पडलेली. दोन्हीकडून पापच दिसतंय अशा पेचात सापडलेली. शिवाय ढिली, शंकेखोर, आणि या दोहोंच्या मधली नाजूक. ‘शंकेखोर’ या शब्दापाशी ते थांबले. लॅटिनमध्ये त्याचं मूळ ‘स्क्रुपुलुस’, म्हणजे बारीक अणकुचीदार खडा, असं त्यांनी सांगितलं. चपलेत जाऊन बसणारा. त्यानं जखम होत नाही, पण चालताही येत नाही. मी वहीत त्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. त्या दिवशी मला माझं नाव सापडल्यासारखं वाटलं होतं.

जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला 1522 मध्ये स्पेनमधल्या मानरेसा इथे याच खड्यानं हैराण झाले होते. सगळ्या आयुष्याचं पापनिवेदन लिहून काढून केलं, तरी काहीतरी राहिलं असं वाटतच राहिलं. तुला अगदी स्पष्ट दिसतं तेवढंच मागचं सांग, असं पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी बजावलं. पण इग्नेशियसना सगळंच अगदी स्पष्ट दिसत होतं, त्यामुळे त्या सांगण्याचा उपयोग झाला नाही. हे वाचून मला रडू आलं होतं. खोलीतल्या मोठ्या भगदाडातून स्वतःला झोकून द्यावं असं त्यांना वाटू लागलं. देव दया करीपर्यंत अन्नाला शिवायचं नाही म्हणून ते आठवडाभर उपाशी राहिले आणि मग धर्मगुरूंच्या आज्ञेनं त्यांनी तो उपवास सोडला. पुढे त्यांनीच आध्यात्मिक साधनेच्या टिपणांत एक बारकाईचा भेद केला. वाटेत क्रुसासारख्या पडलेल्या दोन काड्यांवर पाय पडला आणि ‘हे पाप झालं’ असा निर्णय कुणी केला, तर ती नुसती चुकीची समजूत; पण पाय पडून गेल्यावर ‘पाप झालं की नाही, झालं की नाही’ असं जे आतून घुसळत राहतं, तो खरा खडा. नाजूक जिवाला शत्रू, म्हणजे सैतान, आणखी नाजूक करतो आणि राठ जिवाला आणखी राठ, म्हणून आपला कल ज्या बाजूला असेल त्याच्या उलट जोर लावावा, असंही त्यांनी लिहून ठेवलं आहे. नीतिशास्त्राचे मोठे आचार्य अल्फोन्सस लिगोरी यांनाही या शंकांनी छळलं होतं. 1950 मध्ये त्यांना पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून घोषित केलं गेलं, तेव्हा त्यांच्या या दुखण्याचाही कुणी विचार केला असेल का, असं मला नेहमी वाटतं.

तर मी शंकेखोर, हे माझं स्वतःबद्दलचं मत पक्कं झालेलं होतं. आपल्याला फार लागतं, आपण फार विचार करतो, आपल्याला जरा सैल व्हायला शिकलं पाहिजे. गेली कितीतरी वर्षं मी ‘सैल होणं’ हाच माझ्यासाठी सद्गुण धरून चालले होते. म्हणूनच त्या मुलीची यादी वाचल्यावर जे हललं, ते साधं नव्हतं. फळ्यावरचे ते सगळे प्रकार मी माणसांचे प्रकार समजत होते. हा ढिला, ती शंकेखोर. पण पेन परत करणारी आणि वहीत मान खाली घालून ‘आपण’ म्हणणारी एकच बाई होती, आणि ते दोन्ही एकाच दुपारचं होतं. इतकंच नाही, पेनाची ती सगळी तळमळ दुसऱ्या गोष्टीला झाकायला कामी येत होती. जो माणूस एका पेनासाठी रात्रभर जागतो, तो मोठी गोष्ट कशी दडपेल? मी स्वतःलाच हा पुरावा देत होते. बायबलमधल्या मत्तयाच्या सुवार्तेत चिलट गाळून काढणारे आणि उंट गिळणारे येतात ते मी नेहमी ढोंगी म्हणून वाचले होते. आता वाटतं, त्यांतल्या काहींना ते चिलट खरंच टोचत असेल. उंट कधी गेला ते कळलंच नसेल.

आणि ते ‘आपण’. आपल्या भाषेतला किती मायेचा शब्द. समोरच्याला कवेत घेणारा. मी त्याचा आडोसा केला. सतराव्या शतकात चर्चमध्ये अशा पळवाटांवर केवढं रण माजलं होतं! एखाद्या मताला भक्कम आधार असेल तर त्याच्या विरुद्धचं मत जास्त भक्कम असलं तरी पहिलं मत पाळायला हरकत नाही, असा विचार 1577 मध्ये स्पेनमधल्या बार्थोलोमे दे मेदिना यांनी मांडला तो खरं तर शंकांनी पिचलेल्या माणसांना श्वास घेता यावा असा होता. पण पळवाट शोधणाऱ्यांच्या हाती तो गेला आणि ताणला गेला. 1656-57 मध्ये फ्रेंच विचारवंत पास्कालनं पत्रांमागून पत्रं लिहून या ढिलाईवर आसूड ओढले. 1679 मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी 65 विधानं निषिद्ध ठरवली, त्यांत एक मुद्दा मनात काहीतरी राखून ठेवून बोलण्याचा होता. म्हणजे वाक्य उच्चारायचं अर्धं, उरलेलं मनात पूर्ण करायचं, आणि ऐकणाऱ्याची फसगत झाली तरी आपण खोटं बोललो नाही असं मानायचं. हा सगळा इतिहास मी वर्गात शिकवलाय, मुलांना त्यातली गंमत वाटावी अशा तऱ्हेनं. आणि माझं वाक्य? ‘आपल्याकडून राहिलंय.’ त्यात ‘म्हणजे माझ्याकडून’ हे मनात होतं का? तेही नव्हतं. मनात काय आहे ते मी बघितलंच नव्हतं.

इथे मला सगळ्यात जास्त अवघड जातं. मला माहीत होतं का, की चूक माझी आहे? पडद्यावर तो रकाना आला तेव्हा आतून एक ठिणगीसारखं चमकून गेलं होतं, हे मी नाकारू शकत नाही. पण खात्री करायची तर पाठवलेल्या मेलमधली मूळ फाइल उघडून पाहायला हवी होती. दोन क्लिकचं काम. मी ती उघडली नाही. दुरुस्ती करायला त्या मुलीला सांगितलं. सहा दिवसांत मी कितीतरी फाइली उघडल्या, ती मात्र नाही. नीतिशास्त्रात अज्ञानाचे भेद आहेत. ज्याला आपण काहीच करू शकत नाही ते. जरा कष्ट घेतले तर दूर होईल ते. आणि तिसरं, ज्याला ‘मुद्दाम राखलेलं’ म्हणतात ते. धर्मपंडित थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात सांगून गेले की चुकलेल्या विवेकाचंही बंधन असतंच, आपल्याला जे वाईट वाटतं ते करणं हे पापच, भले ते मुळात वाईट नसो. पण लगेच पुढचा प्रश्न ते घेतात: मग चुकलेल्या विवेकामागून गेलेला माणूस निर्दोष का? आणि उत्तर देतात, ती चूक त्याच्या स्वतःच्या हयगयीतून आली असेल तर नाही. मी हे दोन परिच्छेद विद्यार्थ्यांना समजावताना फळ्यावर बाण काढायचे. न उघडलेल्या फाइलीचा बाण कुठे काढायचा, ते तेव्हा सुचलं नव्हतं.

विवेकाच्या नावानं आपण सांगतो त्या गोष्टी नेहमी किती उंच असतात. 1521 मध्ये जर्मनीतल्या वर्म्सच्या सभेत बादशहासमोर उभा असलेला धर्मसुधारक ल्यूथर, माझा विवेक देवाच्या वचनाला बांधलेला आहे म्हणणारा. ऑस्ट्रियातला शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर, हिटलरच्या सैन्यात लढायला नकार देणारा. घरी बायको, मुली. गावातल्यांनी समजावलं, बिशपांनी घरच्यांचा विचार कर म्हणून सांगितलं. तरी तो हलला नाही आणि 9 ऑगस्ट 1943 ला त्याचा शिरच्छेद झाला. आपल्या पंडिता रमाबाई, 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊनही तिथल्या धर्मभगिनींना पत्रांतून ठणकावून सांगणाऱ्या, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटले आहे, दुसरं मानेवर घेणार नाही, मला माझी स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे. ही माणसं मला प्राणाहून प्रिय आहेत. पण त्यांच्या गोष्टी ऐकत मोठं होताना एक समजूत माझ्या मनात आपोआप तयार झाली, की विवेकाची परीक्षा येते ती कुणीतरी सत्ताधीश समोर उभा ठाकतो तेव्हा. एका साध्या मीटिंगमध्ये, एका चुकलेल्या रकान्यापुढे, ती कशाला येईल? आणि आली तर ती ओळखू कशी यावी? समोर बादशहा नव्हता. समोर एक मुलगी होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

ढिली, शंकेखोर, चुकलेली. हे शब्द सहा दिवसांनी मी पुन्हा मनात फिरवले तेव्हा एक गोष्ट लक्षात येऊन मी जागच्या जागी बसले. चुकलेला विवेक त्या मुलीचा होता. न केलेल्या चुकीचं ओझं ती वाहत होती. स्वतःच्या आठवणीवर तिचा विश्वास राहिला नव्हता. ‘मला आठवत नाही, पण मीच केलं असणार’. कन्फेशनच्या रांगेत दुसऱ्यांदा उभी राहिलेली ती दहा वर्षांची मी आणि पट्टीनं चौकोन आखणारी ती, आमच्यात काय फरक होता? फरक एवढाच की माझा खडा माझाच होता. तिच्या चपलेत तो मी टाकला होता. माझ्या ढिलाईनं तिला शंकेखोर केलं होतं.

प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं त्यात नेमकं हेच आहे आणि मी ते इतक्या वेळा वाचूनही मला दिसलं नव्हतं. मूर्तीपुढे ठेवलेलं मांस खावं की नाही असा तिथला वाद. समजूतदार लोक म्हणत, मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग खायला काय हरकत? पौल म्हणतो, तुमचं ज्ञान बरोबर आहे. पण ज्याचं मन अजून दुबळं आहे तो तुमच्याकडे बघून खाईल आणि आतून मोडेल. अशा भावांच्या दुबळ्या मनावर तुम्ही घाव घालता तेव्हा तो ख्रिस्तावर घातलेला घाव असतो. आपल्या विवेकाबद्दल बोलता बोलता पौल दुसऱ्याच्या विवेकापाशी जाऊन थांबतो. तो वापरतो तो ग्रीक शब्द ‘सिनेइडेसिस’. लॅटिनमध्ये तोच ‘कोन्स्किएन्शिया’ झाला. दोन्हींच्या पोटात ‘सह’ आहे. सोबतीनं जाणणं. विद्वान त्याचा अर्थ स्वतःचं स्वतःशी जाणणं असा लावतात, आणि तसा तो असेलही. मला मात्र त्या ‘सह’मध्ये आता ती मुलगी दिसते. जे मला माहीत होतं आणि तिला नव्हतं, ते माझ्या एकटीचं राहूच शकत नव्हतं. मी ते दाबलं तसं ते तिच्या बाजूनं वर आलं, विकृत होऊन.

सदसद्विवेकबुद्धी हा शब्द उच्चारताना तोंड भरून येतं; घरात तो कुणी वापरत नसे. आजी नुसतं ‘मन’ म्हणायची. जुन्या करारातल्या हिब्रू भाषेतही यासाठी वेगळा शब्द नाही, तिथंही काळीजच. आणि सुवार्तांमध्ये येशूच्या तोंडी हा शब्द एकदाही येत नाही. बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या संत जेरोमनं यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनातल्या चार मुखांचा अर्थ सांगताना मनुष्य, सिंह आणि बैल यांच्या वर राहणाऱ्या गरुडाला विवेकाची ठिणगी म्हटलं, भावाचा खून करणाऱ्या काइनाच्या छातीतही जी विझली नाही ती. पुढच्या पंडितांनी त्या एका ओळीवर शतकानुशतकं ग्रंथ रचले. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. रात्रीच्या प्रार्थनेनंतर दिवा मालवण्याआधी ती आम्हा भावंडांना एकच प्रश्न विचारायची: "तुझ्यामुळं आज कुणाला लागलं का गं?" माझ्या पुस्तिकेतले सगळे प्रश्न ‘मी’पासून सुरू व्हायचे. मी खोटं बोललो का, मी चोरी केली का. त्यांची उत्तरं मी पेन्सिलनं मोजू शकायचे. आजीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला दिवसभरातले चेहरे आठवावे लागत. मला तो प्रश्न आवडायचा नाही. फार ढोबळ वाटायचा.

त्या रात्री मी तो प्रश्न स्वतःला विचारला नाही, कारण विचारायची गरज उरली नव्हती. उठून लॅपटॉप लावला. मेल शोधला. मूळ फाइल उघडली. चुकलेला रकाना तिथंच होता, माझ्या नावानं, मी पाठवलेल्या तारखेनिशी. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. ‘माझं मन मला कशाबद्दल दोष देत नाही, पण त्यामुळे मी निर्दोष ठरत नाही,’ असं पौल करिंथकरांना सांगतो. सहा दिवस माझं मन मला दोष देत नव्हतं. ती शांतता किती खरी वाटत होती.

सकाळी तिला बाजूला बोलावून मी सांगितलं. फाइलही दाखवली. मला वाटलं होतं ती सुटल्यासारखा श्वास टाकेल, आणि टाकलाही. पण मग ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. ती काहीतरी जुळवत होती. तो दिवस, माझं वाक्य, आणि आदल्या दिवशीचं ‘छान केलीयस’. तिनं काही विचारलं नाही. "बरं झालं सांगितलंत, मॅडम," एवढंच म्हणाली. मला तिनं विचारावं असं फार वाटत होतं. विचारलं असतं तर मला उत्तर द्यायला मिळालं असतं. त्याच क्षणी मला कळलं की माझं काम अर्धंसुद्धा झालेलं नाही. दुसऱ्याच्या नावाला लागलेला डाग जिथं लागला तिथंच, ज्यांच्या देखत लागला त्यांच्याच देखत धुवावा लागतो, हे मी वर्गात आठव्या आज्ञेच्या, ‘खोटी साक्ष देऊ नको’च्या, धड्यात दरवर्षी शिकवते. कोपऱ्यात बोलावून सांगणं मला परवडणारं होतं. मीटिंग गुरुवारी होती.

मधल्या तीन दिवसांत मी नाना तऱ्हा मनात रचून पाहिल्या. विषयाच्या ओघात सांगावं. मेल टाकून द्यावा. आता ती गोष्ट कुणाच्या लक्षातही नसेल, उकरून काढली तर उलट तिलाच अवघडल्यासारखं होईल. हा शेवटचा विचार मला इतका पटला, इतका दयाळू वाटला, की मी घाबरले. आणि दुसऱ्या बाजूनं जुनी मी उठली होती: सविस्तर सांगावं, तारखेसकट, फाइल उघडली नाही तेही, कुठलाही तपशील गाळायला नको. ते ऐकून सगळ्यांनी माझ्या प्रामाणिकपणाकडे बघत राहावं, हेही त्यात होतंच. शेवटी एका कागदावर मी वाक्य लिहून काढलं. त्यातला ‘आपण’ खोडला.

गुरुवारी पहिला विषय सुरू होण्याआधी मी हात वर केला. "गेल्या वेळी तक्त्यातला रकाना चुकला होता. तो मी चुकवला होता. हिनं दिला तो मी पाठवला तसाच होता. तेव्हाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही." आवाज थोडा कापरा आला. दोघांनी मान वर केली, एकानं फोनवरून नजरसुद्धा काढली नाही. "ठीक आहे, झालं ते. पुढे जाऊ या," अध्यक्ष म्हणाले. पाच सेकंदही गेले नसतील. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघायची हिंमत नव्हती. पंखा फिरत होता. हजेरीचा कागद टेबलावरून सरकत सरकत पुढे गेला, आणि त्याच्यासोबत ते सोनेरी कडेचं पेनही. तिच्यापाशी आल्यावर तिनं सही केली, टोपण लावून ते घट्ट बसलंय ना ते बघितलं, आणि उठून, टेबलाला वळसा घालून, ज्यांचं होतं त्यांच्या हातात नेऊन दिलं.